तान्हं बाळ, प्रॅम (बाबागाडी) आणि थंडी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची साताऱ्याची, सध्या मुक्काम इंग्लंडमधलं लीड्स. लेक नोव्हेंबरच्या शेवटी झाली, म्हणजे बरोब्बर थंडीच्या तोंडावर, आणि आई तिकडून दुपटी, टोपडी, कुंच्या, बाळंतशेप, वेखंड असलं सगळं बॅगेत कोंबून आली. त्या हिवाळ्यात आमच्या घरात सगळ्यात जास्त चर्चा कशावर झाली असेल तर "पोरीला गार लागत असेल का" यावर. आता ओळखीतल्या कुणाला बाळ झालं की तेच प्रश्न मला येतात, सारखं तेच टाईप करण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते. मी डॉक्टर नाहीये, पण इथल्या मिडवाईफ (सुईण) आणि हेल्थ व्हिजिटरला (बाळ झाल्यावर घरी येऊन बघणारी नर्स) मी एवढे प्रश्न विचारलेत की त्या मला बघून सुस्कारा टाकायच्या.

बाळाला बाहेर कधी काढायचं? आमच्याकडे सव्वा महिना उंबरा ओलांडू देत नाहीत.

इथे असा काही नियम नाही. बाळ वेळेवर झालेलं असेल, नीट पीत असेल आणि तुमच्या अंगात चालायची ताकद असेल तर पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातही लोक चक्कर मारून येतात. पण सव्वा महिना पाळायचा असेल तर पाळा ना, त्यात बाळाचं काही नुकसान नाही, आणि बाळंतिणीला विश्रांती मिळते हा तर फायदाच आहे. गंमत म्हणजे इंग्लंडमध्ये जन्माची नोंद ४२ दिवसांत करावी लागते, त्यामुळे बऱ्याच जणांची पहिली मोठी फेरी त्याच सुमारास होते (बाळाला न्यायलाच पाहिजे असं नाही, नवऱ्याला एकट्याला पाठवलं तरी चालतं, लग्न झालेलं असलं तर). आणि आठव्या आठवड्यात लसीला जावंच लागतं, ते काही टळत नाही.

पहिल्यांदा दहा-पंधरा मिनिटं बास. डिसेंबरात इथे चारच्या आधीच अंधारून येतं, म्हणून बारा ते दोनच्या मधली वेळ धरा.

कपडे नक्की किती घालायचे? दर वेळी अंदाज चुकतो.

साधा हिशोब, तुम्ही स्वतः बाहेर जाताना जेवढे थर घालता त्याच्यापेक्षा बाळाला एक जास्त. का, तर तुम्ही चालत असता, प्रॅम ढकलत असता, तुमचं अंग तापतं, आणि ते निवांत पडून असतं. शिवाय तान्ह्या बाळाला आपल्यासारखी हुडहुडी भरत नाही. त्याच्या खांद्यांच्या मध्ये, मानेपाशी एक वेगळी चरबी असते, ब्राऊन फॅट म्हणतात, ती जाळून ते ऊब तयार करतं. तो साठा संपत गेला की बाळ दमतं. आणि वजनाच्या मानाने त्याच्या कातडीचा पसारा आपल्यापेक्षा कितीतरी मोठा, त्यामुळे ऊब निघूनही पटकन जाते.

लीड्समध्ये जानेवारीत दुपारी पाच-सात डिग्री असते, तेव्हा माझं असं ठरलेलं होतं: आत सुती बॉडीसूट, त्यावर पाय झाकणारा पूर्ण सूट, त्यावर आईने विणलेला लोकरीचा स्वेटर, टोपी, हातमोजे, पायमोजे आणि वरून सेल्युलर ब्लँकेट, म्हणजे ते भोकाभोकाचं सुती. वारा असला की दुसरं एक. जाड प्रॅमसूट घातला तर स्वेटर काढायचा आणि एकच ब्लँकेट. एक गोष्ट लक्षात ठेवा, ब्लँकेट दुहेरी घडी करून टाकलं की ते दोन धरायचं, एक नाही. माझ्या सासूबाई व्हिडिओ कॉलवर "एकच तर टाकलंय" म्हणायच्या आणि त्याच्या चार घड्या असायच्या.

एकच जाडजूड घालण्यापेक्षा पातळ पातळ थर बरे. मध्ये हवा अडकते ती ऊब धरते आणि मुख्य म्हणजे एकेक काढता येतो.

बाळाचे हातपाय बर्फासारखे गार लागतात, मग तर त्याला थंडी वाजतच असणार ना?

नाही नाही नाही. हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याच्यावरून घराघरात सगळ्यात जास्त भांडणं होतात. तान्ह्या बाळाचं रक्ताभिसरण अजून बसायचं असतं, रक्त आधी पोटाकडे, छातीकडे, डोक्याकडे जातं, हातापायांचा नंबर शेवटी. म्हणून तळहात तळपाय गार असणं, कधी थोडे निळसर दिसणं हे पहिल्या काही आठवड्यांत अगदी नेहमीचं आहे. (ओठ, जीभ किंवा चेहरा निळा दिसला तर मात्र ते वेगळं, तेव्हा थेट इमर्जन्सीला फोन.)

बघायचं कुठे, तर मानेच्या मागे कॉलरच्या आत, किंवा छातीवर. दोन बोटं आत सरकवायची, पण आधी स्वतःची बोटं गरम करून, नाहीतर सगळंच तुम्हाला गरम लागेल आणि बाळ दचकेल ते वेगळंच. तिथे कोमट आणि कोरडं लागलं की झालं, बाळ मजेत आहे. गार लागलं तर एक थर वाढवा. घामट, चिकट लागलं तर लगेच एक काढा. प्रॅम घेऊन निघाल्यावर पाच-दहा मिनिटांनी एकदा थांबून मान तपासायची, मग अधूनमधून.

जास्त गरम झालं तर काय मोठंसं? गार लागण्यापेक्षा बरं की.

इथेच आपली गफलत होते. आपल्याकडे थंडीची भीती सगळ्यांना असते, "सर्दी होईल, कफ होईल, वारं लागेल", पण बाळ उबेने गुदमरेल ही भीती कुणाच्या मनातच नसते. खरं म्हणजे झोपेत बाळाचं अंग जास्त तापणं हे बाळ झोपेत अचानक दगावण्याचा धोका वाढवणारं मानलं जातं. म्हणून तर इथे घरात खोलीचं तापमान १६ ते २० डिग्री ठेवा म्हणून मागे लागतात. आईला ते पहिल्यांदा सांगितलं तेव्हा "सोळा? माणसं राहतात का शीतगृह आहे" असं म्हणाली होती.

बाळ जास्त तापलंय याच्या खुणा म्हणजे मानेला-केसांत घाम, लालबुंद गाल, भराभर श्वास, अंगावर घामोळं, आणि कधी कधी नुसतंच मलूल पडून राहणं. आणि हे शेवटचं फसवं असतं, कारण आपण म्हणतो "बघ कसं उबेत गाढ झोपलंय".

कुंची, गोधडी, राईची उशी, हे सगळं प्रॅममध्ये चालेल का? आजीने एवढ्या हौसेने दिलंय.

एकेक सांगते.

कुंची कडेवर घेतलेल्या बाळाला झकास, फोटोत तर त्याहून. पण प्रॅममध्ये झोपलेल्या बाळाला नको, कारण ती सैल असते, वर सरकून तोंडावर येते आणि हनुवटीखाली नाडी असते. आम्ही बारशाला घातली, फोटो काढले, मग बसकी लोकरी टोपी घातली आणि बाहेर पडलो.

जुन्या साडीची मऊ दुपटी अंगाखाली चादर म्हणून मस्त, फक्त गादीला ताणून नीट खोचा, सैल चोळामोळा राहता कामा नये. अंगावर घेताना पण काखेपर्यंतच, खांद्याच्या वर नाही, आणि कडा गादीखाली दाबायच्या. बाळाचे पाय प्रॅमच्या पायथ्याला टेकतील असं खाली सरकवून झोपवायचं म्हणजे ते आणखी खाली सरकून पांघरुणात गडप होत नाही. ही युक्ती मला फार आवडली.

गोधडी जड असते आणि बाळाला ती लाथेने दूर करता येत नाही. घरी जमिनीवर पसरून त्यावर बाळाला खेळवा, प्रॅममध्ये नको.

राईची उशी नको, कुठलीच उशी नको, लोडसुद्धा नको. डोकं गोल व्हावं म्हणून जागेपणी थोडा वेळ पोटावर पालथं घाला, कडेवर घ्या. झोपताना कायम उताणं. इंग्लंडमध्ये १९९१ मध्ये बाळांना उताणं झोपवायची मोठी मोहीम झाली आणि झोपेतल्या मृत्यूंचं प्रमाण धाडकन खाली आलं, त्यामुळे या बाबतीत इथले लोक अजिबात तडजोड करत नाहीत.

दुपट्यात बांधून ठेवायचं असेल तर पातळ सुती, खांद्याच्या खालपर्यंत, आणि पायाकडे सैल. आपल्याकडे पाय सरळ ओढून गच्च बांधायची पद्धत आहे ती खुब्यांना वाईट, पाय बेडकासारखे दुमडता आले पाहिजेत. बांधलंय म्हणजे तो एक थर झाला, तोही मोजा. आणि गळ्यात काळा दोरा असेल तर झोपताना काढून ठेवा, दृष्टीचा टिळा पायाला लावला तरी चालतो.

ऊन किंवा वारा लागू नये म्हणून प्रॅमवर ओढणी टाकली तर?

टाकू नका. अगदी पातळ मलमलची असली तरी. हे ऐकून लोकांना खोटं वाटतं, म्हणून सांगते, स्वीडनमधल्या स्वेन्स्का डागब्लाडेट या पेपरने २०१४ साली करून बघितलं होतं, उन्हाळ्यात उघड्या प्रॅममध्ये २२ डिग्री होती, त्याच प्रॅमवर पातळ कापड टाकल्यावर अर्ध्या तासात ३४, आणि तासाभराने ३७. आत हवाच खेळत नाही, आणि वर बाळ दिसत पण नाही. हिवाळ्यातही तेच, आत बाळाचा श्वास आणि ऊब कोंडते.

वाऱ्यासाठी हुड पुढे ओढा, प्रॅमची सीट उलटी करता येत असेल तर बाळ तुमच्याकडे तोंड करून ठेवा, म्हणजे वारा हुडच्या पाठीवर जातो आणि तुम्हाला चेहरा दिसत राहतो. उन्हासाठी छत्री किंवा कडेला लावायची पॅरासोल.

मग रेनकव्हर? ते तर प्लास्टिकचंच असतं.

पाऊस पडत असेल तेव्हा घाला, थांबला की काढा. तुमच्या प्रॅमच्या कंपनीचंच घ्या, त्याला हवेची भोकं योग्य जागी असतात. पाऊस थांबून ऊन पडलं आणि कव्हर तसंच राहिलं की आतमध्ये हरितगृह. इथे एका दिवसात हे चार वेळा होतं, हात भरून येतात, पण इलाज नाही.

दुकानात किंवा बसमध्ये शिरल्यावर कपडे काढायचे का? आत्ताच कसंबसं झोपलंय हो.

काढायचे. मला माहितीये, ते झोपलेलं बाळ बघून हात लावायची हिंमत होत नाही, मी पण पहिले दोन-तीन वेळा नाही लावला. मग एकदा सुपरमार्केटमधून अर्ध्या तासाने बाहेर आले आणि मानेला हात लावला तर टोपी अक्षरशः ओली. त्या दिवसापासून दारातच टोपी काढायची, ब्लँकेट बाजूला, प्रॅमसूटची चेन खाली. बाळ ऊब डोक्यातून बाहेर टाकतं, त्यामुळे आत टोपी ठेवली की त्याचा बाहेर जायचा रस्ताच बंद. उठलं तर उठलं. बसमध्ये हीटर लावलेला असतो, तिथे तर जास्तच. घरात सुद्धा टोपडं नको, झोपेत तर नकोच नको. हॉस्पिटलमध्ये जन्मल्या जन्मल्या घालतात ते वेगळं, तेव्हा बाळ ओलं असतं.

कारमधून न्यायचं असेल तर?

फुगीर जॅकेट काढून मगच कार सीटचे पट्टे लावा, नाहीतर पट्टे वरवर घट्ट वाटतात आणि आत सैल असतात. पट्टे लावून झाले की वरून ब्लँकेट. आणि तीच कार सीट प्रॅमच्या सांगाड्यावर लावून दुकानभर दोन-दोन तास फिरणं टाळा. तान्ह्या बाळाची मान पुढे पडून हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. पहिल्या महिन्यात एका वेळी अर्धा तास पुरे म्हणतात. फिरायला जाताना सपाट कॅरिकॉटच, म्हणजे प्रॅमवर बसवायचा आडवा पाळणा.

प्रॅम कुठली घ्यावी? स्वस्तातली, छत्रीसारखी मिटणारी चालेल का?

तान्ह्याला सपाट झोपता आलं पाहिजे एवढी एकच अट, म्हणजे कॅरिकॉट किंवा पूर्ण आडवी होणारी सीट, साधारण सहा महिन्यांपर्यंत. बाकी कप होल्डर वगैरे तुमच्यासाठी. सेकंड हँड घेतली तर गादी नवी घ्या, मापाची, कडेला फट न राहणारी, आणि ब्रेक तपासा. लीड्स चढउतारांचं गाव आहे, मी दोन्ही कानांना खडे लावलेत.

आमच्या शेजारच्या आजींकडे माळ्यावर जुनी सिल्वर क्रॉस कंपनीची प्रॅम होती, मोठ्या चाकांची, बोटीसारखी. ती कंपनी १८७७ साली इथेच लीड्सच्या हन्स्लेट भागात सुरू झाली हे त्यांनी मला इतक्या अभिमानाने सांगितलं जसं काही स्वतःच काढली होती. त्यांच्या काळी बाळाला प्रॅमसकट बागेत ठेवून द्यायचे, मोकळी हवा मिळावी म्हणून. आई ते ऐकून गप्प बसली, पण रात्री जेवताना म्हणाली, "एकटं? बागेत?"

कपडे भरपूर घालूनही पाठ गार लागते, असं का?

प्रॅम रात्रभर कुठे होती? कारच्या डिकीत किंवा गार पॅसेजमध्ये असेल तर गादी दगडासारखी गार झालेली असते आणि ती खालून बाळाची ऊब ओढून घेते. गादी घरात आणून ठेवा. निघायच्या आधी दहा मिनिटं गरम पाण्याची पिशवी गादीवर ठेवायची, आणि बाळाला ठेवायच्या आधी काढून टाकायची, हाताने चाचपून बघायचं. पिशवी आत ठेवून निघायचं नाही, कापडात गुंडाळून पण नाही. इलेक्ट्रिक ब्लँकेट तर नाहीच.

दुसरं कारण, लंगोट ओला. किंवा गुळणी मानेखाली गेलेली. ओलं कापड अंगाला लागलं की बाळ झपाट्याने गार पडतं, म्हणून निघताना कोरडा डायपर आणि बरोबर एक जादा बॉडीसूट.

मालिश, आंघोळ करून लगेच बाहेर नेलं तर चालेल?

थोडं थांबा. केस आणि काखा-मांड्यांच्या घड्या पूर्ण कोरड्या व्हायला हव्यात. मी तर आंघोळ आणि फेरी यांच्यात एक दूध पाजणं आणि एक झोप ठेवायची. धुरीचा तर विषयच नको, आईने एकदा ओव्याची धुरी केली तर स्मोक अलार्म असा केकाटला की बाळ, बाळंतीण आणि आजी तिघी बर्फात अंगणात. त्यानंतर वेखंड-ओवा कपाटात गेले. बंद खोलीत कोळशाची शेगडी तर कुठेच नको, इथे नको आणि तिकडेही नको.

कोवळं ऊन द्यायला म्हणून प्रॅम बाहेर काढते, व्हिटॅमिन डी मिळेल ना?

फिरायला मजा येईल, व्हिटॅमिन डी नाही. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर ते मार्च ऊन एवढं तिरकं असतं की कातडीत ते तयारच होत नाही. आईचं दूध पिणाऱ्या बाळाला इथे जन्मापासून रोज थेंब द्यायला सांगतात, ८.५ ते १० मायक्रोग्रॅम. ते विसरू नका.

फिनलंडवाले तर उणे तापमानात बाळं बाहेर झोपवतात म्हणे, मग आपण एवढे का घाबरतो?

झोपवतात, खरं आहे. पण त्यांची तयारी बघा. तिथे १९३८ पासून सरकार बाळंतपणाचा खोका देतं, आधी गरीब आयांना आणि १९४९ पासून सगळ्यांना, त्यात थंडीचा सूट, टोप्या, झोपायची पिशवी असं सगळं असतं. लोकर आत, वारा अडवणारं वर, आणि प्रॅम आडोशाला. आणि मुख्य म्हणजे तिथल्या आजीलाही ते माहिती असतं. नुसतं बघून आपण मुंबईच्या झबल्यात उणे पाचला जायचं नाही.

आम्ही पुण्यात / नाशिकला असतो, आम्हाला यातलं काय लागू?

जवळजवळ सगळंच, फक्त तुमची अडचण वेगळी. जानेवारीत पुण्यात सकाळी दहा-बारा डिग्री आणि दुपारी अठ्ठावीस-तीस. निफाडकडे तर पारा चार-पाचवर जातो आणि दुपारी ऊन चटकतं. सकाळी आठला सोसायटीत चक्कर मारताना घातलेला स्वेटर-कानटोपी अकरा वाजता तशीच अंगात, हा खरा घोळ. म्हणून पातळ थर आणि दर तासाला मान बघणं. मुंबई-कोकणात, गोव्यात तर लोकर बहुतेक दिवस नकोच, एक सुती झबलं आणि दुपटं खूप झालं. चोवीस-पंचविसाच्या वर "एक जास्त" चा नियम विसरायचा.

प्रॅममध्ये ठेवलं की किंचाळतं. थंडी वाजते का?

आधी मान. मग भूक, ढेकर, ओला डायपर, टोचणारं लेबल, याच क्रमाने. हे सगळं ठीक असेल तर त्याला फक्त तुम्ही हव्या असता. दोन-चार मिनिटं चाला, चाकांच्या हादऱ्याने बरीचशी झोपतात आणि तुम्ही सिग्नलला थांबलात की जागी होतात. नाहीच ऐकलं तर छातीशी बांधून घ्या, तिथली ऊब कुठल्याच ब्लँकेटला येत नाही, पण मग तुमचंच अंग तापवतंय हे धरून त्याचे थर कमी करा आणि नाक-तोंड मोकळं दिसत राहील असं ठेवा.

बाळ वेळेआधी झालंय, वजन कमी आहे.

मग माझा हिशोब वापरू नका. अशा बाळांकडे ती ब्राऊन फॅट फार कमी असते. कधी आणि किती बाहेर न्यायचं हे तुमच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

डॉक्टरांना फोन कधी करायचा?

डिजिटल थर्मामीटर काखेत लावा. ३६.५ ते ३७.५ नॉर्मल. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ किंवा जास्त असेल तर वाट न बघता लगेच, इथे असाल तर १११ (आरोग्यसेवेचा फोन नंबर) किंवा जीपी, म्हणजे तुमचा नेहमीचा डॉक्टर. अंग छातीपाशी गार असेल तर आत आणा, कोरडं करा, कपडे काढून तुमच्या उघड्या छातीवर घ्या आणि वरून पांघरूण, दूध पाजा. एवढं करूनही ते गरम होत नसेल, पीत नसेल, ढिलं पडलं असेल, रडणं क्षीण झालं असेल, तर फोन. तापमान ३६ च्या खाली दिसलं तरीही.

हे सगळं मला पटलं, पण आई / सासूबाई दर पाच मिनिटांनी हात लावून "गार पडलंय गं ते" म्हणतात. काय करू?

मी सगळं करून बघितलं. पत्रक दाखवलं, हेल्थ व्हिजिटरकडून सांगवलं, तिने आईला "मम" म्हणून प्रेमाने समजावलं, आईने मान हलवली आणि ती दाराबाहेर पडताच तिसरं ब्लँकेट आणलं. मग एकदा आईचाच हात धरून पोरीच्या मानेमागे लावला. "अगंबाई, तापलंय की हे," म्हणाली, आणि स्वतःच एक ब्लँकेट काढलं. त्यानंतर मानेचं काम मी तिच्याकडेच दिलं, दर फेरीला तपासायची जबाबदारी तिची.

तरी हाताला हात लावायची सवय जाईना. शेवटी मी पोरीला जरा जाड हातमोजे घालायला लागले.